हुकूम निघाला, पण माणूस पाठवायचा कुठे?

१९९४ साली अमेरिकेत एका माणसाच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. पाठवायचं होतं जर्मनीला. माणूस पंचेचाळिशी ओलांडत होता, अमेरिकेत आला तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि जर्मनीशी त्याचं नातं एवढंच की त्याच्या आईला कळा आल्या त्या तिथल्या एका छावणीत. सात वर्षांनी, २८ जून २००१ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रकरणात निकाल दिला. तोवर हुकूम फायलीतच होता आणि माणूस अमेरिकेतच.

न्यायालयाच्या दप्तरी हे प्रकरण ‘झाडविडास विरुद्ध डेव्हिस’ या नावाने आहे. राष्ट्रीयत्व नक्की नसलेल्या माणसाची हद्दपारी नेमकी कुठे अडते, हे समजून घ्यायला याहून उघडं प्रकरण मला माहीत नाही. ‘बाहेरचे आहेत ना, मग द्या पाठवून’ हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्यातला ‘पाठवून’ हा शब्द किती जड आहे, ते या एका माणसाच्या कागदांवरून दिसतं.

जन्म १९४८चा, जर्मनीतल्या विस्थापितांच्या छावणीतला. आईवडील लिथुआनियन. १९४०मध्ये सोव्हिएत संघाने लिथुआनिया गिळला, मग जर्मन फौजा आल्या, मग पुन्हा सोव्हिएत. युद्ध संपलं तेव्हा बाल्टिक देशांतली कितीतरी माणसं जर्मनीत होती आणि सोव्हिएत राजवटीत परत जायला तयार नव्हती. कोल्हापूरकरांना अशी छावणी परकी वाटणार नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते. फरक इतकाच, की पोलंड निदान नकाशावर परत आला होता. लिथुआनिया स्वतंत्र देश म्हणून नकाशावर नव्हताच, तो परत आला १९९०मध्ये.

जर्मनीत तेव्हा नागरिकत्व रक्ताने मिळे, जन्मभूमीने नाही. जन्माच्या आधारावर, तेही अटी घालून, ते देण्याची सोय तिथे २०००पासून आली. त्यामुळे मूल जर्मनीत जन्मलं पण जर्मन झालं नाही. लिथुआनियन म्हणावं, तर ते नोंदवून घ्यायला लिथुआनियात स्वतंत्र सरकार नव्हतं. कुटुंब अमेरिकेत आलं, मुलाला कायम राहण्याचा परवाना मिळाला. तो मोठा झाला, लग्न झालं, आणि अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

परिस्थितीने गांजलेला गरीब बिचारा तो नव्हता, हे आधीच सांगायला हवं. अमली पदार्थांचे गुन्हे, लुटीचा प्रयत्न, घरफोडीचा प्रयत्न, चोरी. शिवाय खटल्याच्या आणि हद्दपारीच्या सुनावण्या चुकवून पळून जाण्याचा इतिहास. १९९२मध्ये विकण्यासाठी कोकेन बाळगल्याबद्दल सोळा वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षांनी पॅरोल मिळाला आणि तिथूनच इमिग्रेशन खात्याने त्याला ताब्यात घेतलं. त्याच्याबद्दल कुणाला माया वाटावी म्हणून मी हे लिहीत नाही. पण गुन्ह्याची शिक्षा फौजदारी न्यायालयाने दिली होती. त्यानंतरची कोठडी ही शिक्षा नव्हती, विमानाची वाट पाहण्याचा काळ होता. विमान येणारच नसेल तर त्या काळाला काय म्हणायचं, एवढाच या खटल्याचा प्रश्न.

हद्दपारी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली एखाद्या गुंडाला ठाणे जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलं, तर तो साताऱ्याला मामाकडे जाऊन राहतो. सातारच्या प्रशासनाला कुणी विचारत नाही की हा तुम्हाला चालेल का. त्यांची संमती लागतच नाही, कारण दोन्हीकडे देश एकच. आपण हेच चित्र देशांच्या सीमेवर नेऊन ठेवतो आणि तिथेच चुकतो. देशाबाहेर काढायच्या हुकुमावर एका देशाची सही पुरत नाही. पलीकडच्या देशाने ‘हा आमचा’ असं म्हणावं लागतं.

आणि ते त्याच्या वतीने दुसरं कुणी म्हणू शकत नाही. आपले नागरिक कोण, हे प्रत्येक देशाने आपापल्या कायद्याने ठरवायचं, हे तत्त्व १९३०च्या हेग करारात लिहिलेलं आहे आणि आजही चालतं. अमेरिकेचं न्यायालय फार तर ‘हा अमेरिकन नाही’ एवढं ठरवू शकतं. ‘हा लिथुआनियन आहे’ असं ठरवायचा अधिकार त्याला नाही. सगळी हद्दपारी या दोन वाक्यांमधल्या अंतरात घडते किंवा अडते.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. हुकूम निघाल्यावर खातं संबंधित देशाच्या वकिलातीला लिहितं. माणसाजवळ चालू पासपोर्ट असेल तर काम तिथेच संपतं. नसेल तर त्या देशाकडून एकदाच वापरायचा प्रवासाचा कागद मागवावा लागतो, कारण त्याशिवाय विमान कंपनी माणसाला चढवून घेत नाही आणि पलीकडचा विमानतळ उतरू देत नाही. तो कागद देण्याआधी वकिलात खातरजमा करते. जन्मदाखला आहे का? आईवडिलांची नावं, त्यांची गावं? शाळा कुठली? नातेवाईक कुणी हयात आहेत का, कुठे? कधी वकिलातीचा माणूस कोठडीत येऊन समोर बसतो, त्या भाषेत बोलतो, कान देऊन उच्चार ऐकतो, गावाजवळची नदी कुठली, बाजार कुठल्या वारी भरतो असं विचारतो. मग ही माहिती मायदेशी जाते आणि तिथे कुणीतरी ती गावपातळीवर पडताळून पाहायची असते. या रांगेतलं एक उत्तर चुकलं किंवा सापडलं नाही की फाइल थांबते. आणि ज्या देशाला माणूस नकोच आहे, त्याला फाइल थांबवायला एवढं कारण पुरतं.

झाडविडासच्या बाबतीत तीन दारं ठोठावली गेली. जर्मनीने कळवलं की हा आमचा नागरिक नाही. कायद्याने ते बरोबरच होतं. लिथुआनियाने कळवलं की हा आमचा नागरिक नाही आणि कायमचा रहिवासीही नाही. तेही खोटं नव्हतं, त्याने त्या देशात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. तिसरं दार तर फारच दूरचं होतं. १९९६मध्ये खात्याने डॉमिनिकन रिपब्लिकला विचारलं, कारण बायको तिकडची. तिथूनही काही निघालं नाही. १९९८मध्ये त्याने आईवडिलांच्या आधारावर लिथुआनियाचं नागरिकत्व मागितलं, तर कागद अपुरे म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्यांदा केलेला अर्ज, सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण उभं राहिलं तेव्हाही, बहुधा प्रलंबितच होता.

तीन देशांनी दिलेली उत्तरं एकेकटी पाहिली तर प्रत्येक उत्तर नियमाला धरून आहे. कुणी खोटं बोललं नाही. आणि तरीही त्या तिघांच्या मध्ये एक जिवंत माणूस कोठडीत राहतो. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

१९९५च्या सप्टेंबरात त्याने हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा कोठडीतून सुटकेसाठीचा, अर्ज केला. लुइझियानातल्या जिल्हा न्यायालयाने ऑक्टोबर १९९७मध्ये त्याला देखरेखीखाली सोडायचा आदेश दिला. त्यामागचा विचार सरळ होता: त्याला पाठवणं सरकारला कधीच जमणार नाही, म्हणजे ही कोठडी जन्मभराची होईल, आणि घटना ते चालवून घेत नाही. वरच्या अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. हद्दपारी अशक्य म्हणता येत नाही, सरकार प्रामाणिकपणे खटपट करतंय, कोठडीचा अधूनमधून आढावाही होतोय, मग हरकत काय, असं त्याचं म्हणणं. ‘खटपट चालू आहे’ हे उत्तर प्रशासनाला नेहमीच सोयीचं असतं, कारण खटपटीला शेवटची तारीख नसते.

अमेरिकन कायद्यात हुकूम अंतिम झाल्यावर नव्वद दिवसांत माणसाला पाठवायचं, अशी तरतूद आहे. त्या मुदतीत जमलं नाही तर काही प्रकारच्या लोकांना पुढेही ताब्यात ‘ठेवता येईल’, असं कलम सांगतं. किती दिवस, ते सांगत नाही. सरकारचं म्हणणं होतं की मर्यादा लिहिलेली नाही म्हणजे मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते नाकारलं. न्या. स्टीफन ब्रायर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा गाभा असा: ताब्यात ठेवण्याचं कारण पाठवणी हे आहे. पाठवणी नजीकच्या काळात होण्याची खरी शक्यताच उरली नसेल तर कारण संपलं, आणि कारण संपल्यावर कोठडी चालू ठेवणं म्हणजे खटल्याविना शिक्षा. साधारण सहा महिने वाजवी मानायचे. त्यानंतर पाठवणीची शक्यता दिसत नाही असं माणसाने सबळपणे दाखवलं, तर ती आहे हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर.

विरोधी मत वाचल्याशिवाय या निकालाचा कस कळत नाही. न्या. स्कॅलिया यांचं म्हणणं होतं की अंतिम हुकूम निघालेल्या परकीयाला या देशात मोकळं फिरण्याचा घटनात्मक हक्क नाही. न्या. केनेडी यांची चिंता व्यवहाराची होती. दुसऱ्या देशाने नुसता नकार रेटत ठेवला की गुन्हेगार इथे सुटणार, म्हणजे नकाराला आपणच बक्षीस देतोय. ही हरकत पोकळ नाही. आपला माणूस घ्यायला टाळाटाळ करणारे देश खरोखरच आहेत, आणि अशा देशांच्या नागरिकांचे व्हिसा रोखण्याचं कलम अमेरिकेच्या कायद्यात आहे. पण मग दाब त्या देशावर यायला हवा. त्या देशाच्या आडमुठेपणाची वर्षं कोठडीतल्या माणसाच्या आयुष्यातून कापायची, हे मला पटत नाही.

सुटका म्हणजे माफी नव्हती, हेही इथे सांगायला हवं. हद्दपारीचा हुकूम कायम राहिला. ठरल्या दिवशी हजेरी लावायची, न सांगता पत्ता बदलायचा नाही, प्रवासाचा कागद मिळवायची खटपट करत राहायची, आणि एखादा देश उद्या हो म्हणाला तर उद्याच निघायचं.

याच निकालात दुसरं एक प्रकरण जोडलेलं होतं. किम हो मा हा तरुण कंबोडियात जन्मला होता. दोन वर्षांचा असताना कुटुंबासह पळाला, थायलंड आणि फिलिपिन्सच्या निर्वासित छावण्यांतून सातव्या वर्षी अमेरिकेत आला. सतराव्या वर्षी टोळीच्या गोळीबारात सापडला, सदोष मनुष्यवधाची शिक्षा भोगली. त्याच्या राष्ट्रीयत्वाबद्दल झाडविडाससारखा घोळ नव्हता. पण कंबोडिया आणि अमेरिका यांच्यात माणसं परत घेण्याचा करारच नव्हता, म्हणून तोही तसाच अडकलेला. २००२मध्ये दोन सरकारांनी तो समझोता केला आणि त्याच वर्षी किम हो मा याला कंबोडियात पाठवण्यात आलं. म्हणजे राष्ट्रीयत्वाची खात्री आणि परत घेण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असून दुसरी नसली तरी माणूस जागचा हलत नाही.

अर्धशतक आधीच्या एका प्रकरणाची सावली या निकालावर होती. इग्नाझ मेझेई हा अमेरिकेतल्या बफेलो शहरात पंचवीस वर्षं राहिलेला माणूस १९४८मध्ये रुमानियात मरणासन्न आईला भेटायला निघाला. तिथे प्रवेश मिळाला नाही, हंगेरीत दीडेक वर्ष अडकला, आणि १९५०मध्ये परतला तेव्हा सुरक्षेचं कारण सांगून त्याला न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर थांबवलं. जन्म जिब्राल्टरचा असावा, आईवडील हंगेरियन किंवा रुमानियन. न्यायालयाच्या कागदांतसुद्धा ते असं ‘किंवा’ लावूनच लिहिलेलं आहे. दोनदा त्याला जहाजावर चढवून परत पाठवलं, तर फ्रान्स आणि ब्रिटनने उतरू दिलं नाही. हंगेरीशी बोलणी फसली. लॅटिन अमेरिकेतल्या डझनभर देशांना त्याने स्वतः अर्ज केले, सगळीकडून नकार. १९५३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच-चारनेच ठरवलं की तो कायद्याच्या नजरेत अजून देशात आलेलाच नाही, म्हणून त्याला दाद नाही. शेवटी १९५४मध्ये सरकारने स्वतःहून सोडलं. बेटावरून शहर दिसत होतं, पण कायद्याला तो माणूस तिथे असलेला दिसत नव्हता. झाडविडासच्या निकालाने मेझेईचा निकाल रद्द केला नाही. हा माणूस आत आलेला आहे, तो दारातच होता, असा फरक करून बाजूला ठेवला.

२००१च्या निकालाने बंद केलेल्या वाटेला अलीकडे एक आडवाट फुटली आहे. माणसाचा स्वतःचा देश घेत नाही ना, मग तिसऱ्याच देशाला पैसे किंवा दबाव देऊन तिकडे पाठवा. जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पाठवणीवर खालच्या न्यायालयाने घातलेला आडकाठीचा आदेश स्थगित केला, आणि पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीत अमेरिकेच्या लष्करी तळावर अडकवून ठेवलेले आठ जण जुलैत दक्षिण सुदानला पोहोचवले गेले. त्यातला एकच त्या देशाचा होता. बाकीच्यांसाठी ‘कुठे’ या प्रश्नाचं उत्तर कायद्याने नव्हे, सौद्याने दिलं.

आता आपल्याकडे. आसामात गोलपाडा जिल्ह्यात मातिया इथे परकीय ठरवलेल्यांना ठेवण्याचं मोठं केंद्र आहे. ४ फेब्रुवारी २०२५ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांच्यापुढे तिथल्या ६३ जणांचा विषय निघाला. ते परकीय ठरलेत, मग पाठवलं का नाही? राज्य सरकारचं उत्तर होतं की त्यांचे परदेशातले पत्ते माहीत नाहीत. न्या. ओक आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. त्यांनी विचारलं की आता कुठल्या मुहूर्ताची वाट पाहताय? पत्ता कशाला हवा, त्या देशाच्या राजधानीत पाठवा, हेही खंडपीठाने सुनावलं.

न्यायालयाचा संताप योग्यच होता. माणसं वर्षानुवर्षं कोंडून ठेवायची आणि पाठवणीचा साधा अर्जही करायचा नाही, हे जगण्याच्या हक्काशी खेळणं आहे. पण पत्त्याच्या मुद्द्यावर माझं मत नम्रपणे वेगळं आहे. पलीकडचा देश पडताळणी करतो ती पत्त्यावरूनच: गाव, ठाणं, बापाचं नाव. पत्ता नसेल तर ढाक्याचा अधिकारी कागद परत पाठवतो, तोही नियमाला धरून, जर्मनीसारखाच. मे २०२५मध्ये परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितलं की पडताळणीची दोन हजारांहून अधिक प्रकरणं बांगलादेशाकडे पडून आहेत, त्यातली बरीच २०२०पासून.

आणि पत्ता येणार कुठून? कोण परकीय हे ठरवणाऱ्या आसामातल्या न्यायाधिकरणापुढे उभ्या असलेल्या बहुतेकांचं म्हणणं असतं की मी इथलाच आहे. आपण भारतीय आहोत हे सिद्ध करायचं ओझं, १९४६च्या कायद्यापासून, त्यांच्यावरच आहे. आजोबांच्या नावाचं मतदार यादीत एक स्पेलिंग, जमिनीच्या कागदावर दुसरं, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाईकडे बापाशी नातं दाखवणारा दाखलाच नाही. ती हरली की परकीय ठरते. पण ज्या देशाची आपण नाहीच असं ती ठामपणे सांगते, त्या देशातला पत्ता ती काय देणार? न्यायाधिकरणाने ती ‘भारतीय नाही’ एवढं म्हटलेलं असतं. ती कुणाची, हे कुणीच म्हटलेलं नसतं. झाडविडासची फाइल अडली ती नेमकी याच जागी. ४ फेब्रुवारीच्या त्याच सुनावणीत खंडपीठाने केंद्रालाही विचारलं की जो भारतीय नाही आणि ज्याचं खरं नागरिकत्वही ठाऊक नाही, त्याचं काय करायचं. हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत आपल्याकडे क्वचितच विचारला गेलाय.

कोठडीच्या मुदतीबाबत मात्र आपलं सर्वोच्च न्यायालय आधीच काही पावलं चाललं होतं. मे २०१९मध्ये, तीन वर्षं पुरी झालेल्यांना एकेक लाखाचे दोन जामीनदार, पत्ता आणि बोटांचे ठसे घेऊन सोडायला सांगितलं. एप्रिल २०२०मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, मुदत दोन वर्षांवर आणि जामीन पाच हजारांवर आला. अमेरिकेच्या सहा महिन्यांपुढे दोन वर्षं पुष्कळच जास्त. तरी निदान आकडा तरी आला.

पडताळणीची ही सगळी रटाळ कागदपत्रं वगळली तर काय होतं, ते महाराष्ट्राने जून २०२५मध्ये पाहिलं. मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या, बांगला बोलणाऱ्या काही जणांना बांगलादेशी समजून उचललं गेलं आणि थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं. वकिलातीला पत्र नाही, गावी चौकशी नाही. ते मुर्शिदाबाद आणि पूर्व बर्धमानचे होते, आणि त्यांचे कागद त्यांच्या घरी होते. पश्चिम बंगालच्या पोलिसांनी ते कागद पुढे केले, दोन्ही देशांच्या सीमा दलांची ध्वजबैठक झाली, आणि माणसं परत आली.